शाळेचे दार उघडणारा साहेब : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन



नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळी चिखलदऱ्याला सहल काढतात. मागच्या सहलीत आम्हीही त्यांच्यासोबत होतो. डबे खाऊन झाल्यावर गाविलगडाच्या पडक्या तटाजवळ बसलो असताना एका मुलाने विचारले, की हा तट कोणी पाडला? दुसऱ्याने लगेच इंग्रजांनी असे उत्तर दिले. पण ते इंग्रज कोण होते, इथे कशासाठी आले होते आणि पुढे त्यांचे काय झाले, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. घरी आल्यावर आम्ही पुस्तके काढून बसलो. त्यातून एका माणसाची ओळख झाली. पुढे महाराष्ट्राच्या इतिहासात ज्यांचे नाव मोठे झाले, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या दिवशी हल्ला करणाऱ्या फौजेसोबत गडावर होते. त्यांचीच ही जीवनकथा.

मुंबईला जाणाऱ्यांना एल्फिन्स्टन हे नाव लोकलच्या स्टेशनामुळे ठाऊक असेल. २०१८ साली त्या स्टेशनाचे नाव प्रभादेवी झाले. ते जुने नाव मात्र या एल्फिन्स्टन साहेबांचे नव्हते. ते त्यांच्या पुतण्याचे, म्हणजे पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचे होते. आपली गोष्ट काकांची आहे.

सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यात झाला. ते वडिलांचे चौथे पुत्र. त्या काळच्या रीतीप्रमाणे घराण्याची जहागीर आणि पदवी थोरल्या मुलाकडे जाई, धाकट्यांना आपली वाट आपणच शोधावी लागे. त्यांचे एक काका ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर होते. त्यांच्या ओळखीने मुलाला कंपनीची नोकरी मिळाली आणि १७९६ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, ते कलकत्त्याला उतरले. आपल्याकडे या वयात मुले दहावीची परीक्षा देतात.

त्यांना काशीला नेमण्यात आले. तिथे १७९९ च्या जानेवारीत अयोध्येचा पदच्युत नवाब वजीर अली याच्या माणसांनी इंग्रज अधिकाऱ्यांवर हल्ला करून काहींना ठार केले. एल्फिन्स्टन घोड्यावर बसून निसटले म्हणून वाचले. काशीत ते फारसी शिकले. वाचनाची आवड त्यांना तिथेच लागली आणि ती जन्मभर सुटली नाही. १८०१ साली त्यांची बदली पुण्याला, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंटाच्या हाताखाली झाली. रेसिडेंट म्हणजे एखाद्या राजाच्या दरबारी राहणारा कंपनीचा वकील. राजाशी बोलणी करायची, दरबारात काय चालले आहे त्यावर नजर ठेवायची आणि सगळे कलकत्त्याला कळवायचे, हे त्याचे काम.

वऱ्हाडच्या मातीत

१८०३ साली इंग्रजांचे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध सुरू झाले. इंग्रज फौजेचे सेनापती आर्थर वेलस्ली होते. हेच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्यांनी नेपोलियनचा पराभव केला. वेलस्लींना देशी भाषा जाणणारा मदतनीस हवा होता. त्या जागी तेवीस वर्षांचे एल्फिन्स्टन आले. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत ते वेलस्लींच्या बरोबर होते.

तिथून युद्ध आपल्या वऱ्हाडात आले. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडचे अडगाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी दुपारनंतर त्या शिवारात लढाई झाली. सुरुवातीला भोसल्यांच्या तोफांपुढे कंपनीच्या काही पलटणी बिचकून मागे पळाल्या. वेलस्लींनी स्वतः जाऊन त्यांना पुन्हा उभे केले आणि शेवटी लढाई जिंकली. पळणाऱ्या सैन्याचा पाठलाग चांदण्यात रात्रीपर्यंत चालला.

त्यानंतर गाविलगड. इंग्रजांनी अवजड तोफा डोंगराच्या वाटांनी ओढून गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी तटाला पडलेल्या खिंडारातून त्यांचे सैनिक आत घुसले. गडाचे किल्लेदार बेनीसिंग लढताना मारले गेले. एल्फिन्स्टन यांची नेमणूक कागदपत्रांच्या आणि बोलण्याच्या कामावर होती, तरीही ते हल्ला करणाऱ्यांबरोबर गडावर गेले. हा तरुण खरे तर सैनिकच व्हायला हवा होता, असे वेलस्लींचे मत पडले.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगाव येथे भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जी येथे शिंद्यांशी तह झाला. भोसल्यांना कटकचा प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. कटक कंपनीने घेतले आणि वऱ्हाड निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे त्या वेळी भोसल्यांकडे राहिले. त्याच सुमारास वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला होता. आपल्या या भागातल्या शेतकऱ्याला, विणकराला किंवा मेळघाटातल्या कोरकूला आपला राजा कोण असावा हे कोणी विचारले नाही. अंजनगावच्या बाजाराला जाताना आपल्याला त्या तहाची आठवणही होत नाही, पण पुढची दीडशे वर्षे वऱ्हाडचे नशीब त्या दोन कागदांनी ठरवले.

नागपूर, काबूल आणि पुणे

तहानंतर एल्फिन्स्टन यांना नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट नेमले. नुकताच पराभूत झालेला राजा आणि त्याच्या दारात बसलेला जेत्याचा चोवीस वर्षांचा वकील, असे ते अवघड नाते होते. १८०४ ते १८०८ अशी चार वर्षे ते नागपूरला राहिले. दिवसा दरबार आणि शिकार, रात्री दिव्याच्या उजेडात ग्रीक, लॅटिन आणि फारसी ग्रंथ, असा त्यांचा दिनक्रम असे.

नेपोलियन इराण-अफगाणिस्तानच्या वाटेने हिंदुस्थानावर चालून येईल अशी भीती इंग्रजांना तेव्हा वाटत होती. म्हणून १८०८ साली त्यांना काबूलचा राजा शाह शुजा याच्याकडे वकील म्हणून पाठवले. बिकानेरचे वाळवंट ओलांडून ते १८०९ साली पेशावरला पोहोचले. तह झाला, पण थोड्याच दिवसांत शाह शुजाचे तख्त गेले आणि तहाला अर्थ उरला नाही. एल्फिन्स्टन यांनी तिथल्या लोकांविषयी विचारपूस करून जमवलेली माहिती मात्र वाया गेली नाही. काबूलच्या राज्यावरचा त्यांचा ग्रंथ १८१५ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही अभ्यासला जातो.

१८११ साली ते पुण्याचे रेसिडेंट झाले. १८१५ च्या जुलैत गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर ठपका ठेवला आणि त्यांना ताब्यात घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. १८१६ साली त्रिंबकजी तिथून निसटले. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह पेशव्यांवर लादण्यात आला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांच्या सैन्याने संगमावरचा एल्फिन्स्टन यांचा बंगला जाळला. वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके आणि टिपणे त्या आगीत गेली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव शरण आले.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की हा तर आपले राज्य घेणारा माणूस, याची कथा आपल्या पत्रकात कशाला? प्रश्न योग्य आहे. आणखी एक गोष्टही लपवू नये. राज्य घेतल्यानंतर पुण्यात इंग्रजांना मारण्याचा कट उघडकीस आला, तेव्हा एल्फिन्स्टन यांनी त्यातील प्रमुखांना तोफेच्या तोंडी दिले. पण आमचा विषय त्यांच्या पुढच्या कामाचा आहे.

राज्य मिळाल्यानंतर

जिंकलेल्या मुलखाची घडी बसवण्याचे काम त्यांच्यावर आले. साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवण्यात आले. गावचे पाटील-कुलकर्णी आणि पंचायती एल्फिन्स्टन यांनी राहू दिल्या, देवस्थानांची इनामे चालू ठेवली. १८१९ साली त्यांनी या सगळ्या मुलखाचा सविस्तर अहवाल लिहिला. गावगाडा कसा चालतो हे त्यात इतके बारकाईने आले आहे, की आजचे अभ्यासकही त्याचा आधार घेतात. लोकांच्या चालीरीती एकदम मोडू नयेत, हे त्यांचे धोरण होते. त्यात शहाणपण होते आणि नव्या राज्याविरुद्ध लोक उठू नयेत ही काळजीही होती.

१८१९ च्या नोव्हेंबरमध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८२७ पर्यंत त्या पदावर राहिले. या आठ वर्षांत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून १८२७ साली त्यांची संहिता करण्यात आली. पण त्यांचे नाव टिकले ते शाळांमुळे.

मराठी पुस्तकांचा ढीग

१८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या रकमेतला काही भाग तिच्याकडे वळवण्यात आला. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८२२ साली मुंबईत देशी लोकांसाठी शाळा काढणारी आणि शालेय पुस्तके छापणारी संस्था स्वतंत्रपणे काम करू लागली. एल्फिन्स्टन तिचे अध्यक्ष होते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारखे मराठी लेखक या कामात होते. गणित, भूगोल, व्याकरण अशा विषयांवर मराठीत पुस्तके तयार होऊ लागली. मुलांना त्यांच्या भाषेत शिकवावे, शिक्षक तयार करावेत, पुस्तके स्वस्त असावीत आणि सरकारने त्यासाठी पैसा द्यावा, असे त्यांनी १८२३ च्या डिसेंबरमधील आपल्या टिपणात मांडले. प्रजेला शिकवणे हे सरकारचे काम आहे असे तेव्हा खुद्द इंग्लंडमध्येही फारसे कोणी मानत नव्हते.

ब्रिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने पुढे एक हकीकत सांगून ठेवली आहे. एकदा त्यांना एल्फिन्स्टन यांच्या तंबूत छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. ही कशासाठी, असे त्यांनी विचारले. एल्फिन्स्टन म्हणाले, की इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण आपल्याला युरोपला परत नेणारा रस्ताही हाच आहे. ब्रिग्ज चकित झाले. मग मुंबईचे गव्हर्नर असून आपण हे का करता, असे त्यांनी विचारले. आपले कर्तव्य आपण केलेच पाहिजे, असे एल्फिन्स्टन यांनी सांगितले.

आम्ही ही हकीकत वाचून थांबलो. शिकलेले लोक एक दिवस आपले राज्य आपणच चालवू म्हणतील, हे या माणसाला स्पष्ट दिसत होते. स्वतः लढून मिळवलेले राज्य आपल्याच पुस्तकांमुळे जाणार हे कळत असताना त्यांनी ती पुस्तके छापली.

दाराबाहेर राहिलेले

आता त्यांच्या त्याच टिपणातली दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरापर्यंत येते.

सरकारी शाळांत कोणताही धर्म शिकवू नये आणि मिशनऱ्यांच्या कामाशी सरकारने संबंध ठेवू नये, असे त्यांचे ठाम मत होते. लोकांना संशय आला तर ते शाळेकडे फिरकणारच नाहीत असे त्यांना वाटे. या भूमिकेमुळे काही ख्रिस्ती लोक त्यांना अश्रद्ध म्हणत. १८२५ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप हेबर मुंबईला येऊन त्यांना भेटले. त्यांनी आपल्या रोजनिशीत एल्फिन्स्टन यांची मनापासून प्रशंसा केली आणि हा आरोप खोडून काढला. शाळा सर्वांची असावी आणि तिच्यात कोणाच्या श्रद्धेवर दबाव नसावा, ही त्यांची भूमिका आम्हाला आज योग्यच वाटते.

पण त्याच टिपणात त्यांनी असेही लिहिले, की मिशनऱ्यांना खालच्या मानलेल्या जातींतली मुले सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणून मिळतात, तरीही सरकारने या मुलांना उत्तेजन देताना फार जपून राहावे. शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वरच्या जातींत पसरणार नाही आणि वरच्या जाती सरकारवर नाराज होतील, असा त्यांचा हिशेब होता. ही मुले हुशार आहेत हे त्यांना माहीत होते. तरीही समाजाच्या भीतीने त्यांनी त्यांना थांबायला सांगितले.

हे थांबणे फार लांबले. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. १८८२ साली शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला स्पष्ट सांगितले, की शेतकऱ्यांच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होत आहे आणि वरून झिरपून खाली काहीच येत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना अक्षरओळख का झाली नाही, याची जी अनेक कारणे आहेत त्यांत हेही एक आहे.

शेवटची वर्षे

१८२७ साली एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा मुंबईच्या लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमवला. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. वाटेत ग्रीससारखे देश पाहत ते १८२९ साली इंग्लंडला पोहोचले. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरलपद त्यांना दोनदा देऊ करण्यात आले, पण त्यांनी ते घेतले नाही. प्रकृती साथ देत नव्हती आणि मोठ्या पदाची हौसही उरली नव्हती. त्यांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहायला घेतला. तो १८४१ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांनी लग्न केले नाही. अखेरची वर्षे सरे परगण्यातील एका खेड्यात पुस्तकांच्या सोबतीने काढून २० नोव्हेंबर १८५९ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते वारले. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आणि मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचे पुतळे आहेत.

रस्ता अमरावतीपर्यंत आला

एल्फिन्स्टन यांनी जो रस्ता सांगितला होता, तो खरोखरच तसाच निघाला. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. आपल्या अमरावतीचे नामवंत वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर एल्फिन्स्टन कॉलेजचेच विद्यार्थी. ते १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याआधी १८९७ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन आपल्या अमरावतीतच भरले होते. अडगाव आणि गाविलगडाच्या लढायांना तेव्हा शंभर वर्षेही पुरी झाली नव्हती.

मुंबईत एक मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाला. एल्फिन्स्टन यांनी ज्यांना थांबायला सांगितले होते, त्यांच्यापैकी तो एक. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून त्याने १९१२ साली बी. ए. केले. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीला आले, ते अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून भरलेल्या परिषदेसाठी. ज्या साहेबाने दार अर्धेच उघडले, त्याच्याच नावाच्या कॉलेजातून शिकून आलेल्या माणसाने उरलेले दार उघडायला लावले.

म्हणून आम्हाला या माणसाला सरळ चांगला किंवा सरळ वाईट म्हणता येत नाही. आपले नुकसान होणार हे दिसत असूनही त्यांनी एक चांगले काम केले, त्याचे मोल मोठे आहे. आणि लोक काय म्हणतील या भीतीने हुशार मुलांना दाराबाहेर ठेवले, तो दोषही लहान नाही.

आता थोडे आपल्याकडे पाहू या. जूनमध्ये शाळा उघडतात. आपल्या वस्तीत, वीटभट्टीवर, शेजारच्या खेड्यात अशी मुले आहेत ज्यांचे नाव पटावर आहे, पण जी वर्गात नसतात. फीचे, वह्यांचे किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे कारण असते. आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो, हा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा, एवढीच आमची विनंती. पुढच्या सहलीत गाविलगडाच्या तटाजवळ कोणी तोच प्रश्न विचारला, तर आता आपल्यापाशी सांगण्यासारखे बरेच आहे.